फुगायला जागा

यात तिखटमीठ लावलेलं नाही. माझ्या मावसबहिणीनं जसं सांगितलं, तसंच लिहितेय. आणि रात्र नव्हती हं... रविवारची भर दुपार होती.

ती प्रयोगशाळेत काम करते. पॉलिमरच्या लांबलचक साखळीवर साखरेचे रेणू जोडायचे आणि त्यापासून जखमेवर लावायचं जेल बनवायचं. शरीरातल्या पेशी ती साखर ओळखतात, येऊन बिलगतात म्हणे.

साखळीला न चिकटलेली साखर काढून टाकायला ते द्रावण पातळ पडद्याच्या पिशवीत भरून पाण्यात सोडतात. सुटी साखर बाहेर झिरपते, पण पाणीही आत शिरतं आणि पिशवी फुगते. म्हणून ती अर्धी रिकामी ठेवायची.

हे तिला शिकवलं तिथल्याच एका जुन्या ताईनं. शेजारच्या स्टुलावर बसायची ती.

"अगं, फुगायला जागा ठेव बाई! जेवल्यावर तुला नाही लागत?"

ताईचा प्लास्टिकच्या चिमट्यांवर भरवसा नव्हता. पिशवीचं तोंड दुमडून ती निळ्या दोऱ्यानं बांधायची.

मग ताई आजारी पडली, आणि गेली.

स्टुलं दोन. माणूस एकच उरलं.

त्या शनिवारी संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. "पिल्लू तापलंय गं. तुलाच शोधतंय."

तिच्या हातात वर्षभराच्या मेहनतीचा एकुलता एक नमुना होता. सोमवारी इस्पितळात द्यायचा. नाही दिला, तर कामच बंद. तिनं तो घाईघाईत पिशवीत ओतला, चिमटा लावला आणि धावली.

रविवारी पिल्लाचा ताप उतरला. त्याची दुधाची बाटली भरता भरता तिचा हात थांबला...

पिशवी तिनं गळ्यापर्यंत भरली होती.

एव्हाना फुटली असणार.

"काका, वर कोणी आलं होतं?" धापा टाकत तिनं दारावरच्या रखवालदाराला विचारलं.

"सुट्टीचं कोण मरायला येतंय? किल्ली कालपासून माझ्याच खिशात आहे."

वरचा बोळ सुनसान. कुलूप उघडलं. आत फक्त भांड्याच्या तळाशी फिरणाऱ्या चुंबकाचा आवाज.

टक... टक... टक...

तिनं पाण्याला बोट लावलं.

गार. म्हणजे कुणीतरी नुकतंच बदललेलं.

पिशवी फुटली नव्हती.

पाण्यात... दोन पिशव्या होत्या. दोन्ही अर्ध्या रिकाम्या. दोन्हींची तोंडं निळ्या दोऱ्यानं बांधलेली.

तिचा चिमटा टेबलावर पडला होता. आणि ताई गेल्यावर तिनं स्वतः पुसून टेबलाखाली आत सरकवलेलं ताईचं स्टूल... बाहेर ओढलेलं होतं.

"ताई?"

टक... टक...

सोमवारी नमुना वेळेवर पोचला.

पण तिला राहवेना. पुढच्या एका सुट्टीच्या आदल्या दिवशी तिनं ताईचं स्टूल आत सरकवलं आणि साधं साखरेचं पाणी पिशवीत मुद्दाम काठोकाठ भरलं. ताईनं पुन्हा यावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं.

पिशवी फुटलेली. ना दोरा, ना गाठ. तिला रडूच आलं.

मग तिची नजर खाली गेली...

स्टूल ओढलेलं होतं. या वेळी तिच्या स्टुलाला अगदी खेटून.

म्हणजे ताई आली होती. बसली होती. पिशवी फुगताना, फुटताना नुसती बघत राहिली होती.

का, ते तिला अजून उमगलेलं नाही. विचारायला गेलं की ती विषय बदलते.

फक्त हल्ली काम संपवून निघताना ती ते स्टूल आत सरकवत नाही.