डिकीच्या रबराचा जोड

"हिच्या अंगात धूर भिनलाय," डॉक्टर म्हणाल्या. "गाडीचा धूर. आणखी दहा मिनिटं गेली असती, तर कठीण होतं."

छोटी दहा महिन्यांची. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, मुठी सैल. सकाळी बापाबरोबर आजोबांच्या जुन्या गाडीतून फेरीला गेली, मागच्या सीटवर झोपली आणि परत आल्यावर उठेचना. गाडी तशीच घरी सोडून रिक्षाने आणलं होतं तिला.

"त्या मिस्त्रीला सोडत नाही मी," नवरा म्हणाला. "नवं म्हणून डिकीला जुनंच भेगाळलेलं रबर लावलंय. तिथूनच धूर आत आला. संध्याकाळी पोलीस येतायत. तू आई आहेस, तक्रारीवर तूच सही कर. गॅरेजला टाळं लागलं पाहिजे."

तिने सही केलीही असती. पण त्या रबरासाठी मिस्त्रीने चार महिने पायपीट केली होती. असा माणूस फसवेल? छोटीपाशी आपल्या आईला बसवून ती तडक गॅरेजात गेली.

तिचं ऐकून मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. "वहिनी, बाजारचं रबर एका उन्हाळ्यात कडक होतं. म्हणून मी साचा करून ओतून घेतलं. ऊन लागो, पेट्रोल सांडो, दहा वर्षं बघायला नको. त्याला तीन आठवड्यांत भेगा? शक्यच नाही!"

"मग चला. माझ्यासमोर डिकी उघडा."

गाडी पोर्चमध्ये तशीच उभी होती. सासऱ्यांनी किल्ली दिली. डिकीच्या कडेला मिस्त्रीचं रबर नव्हतंच. होतं ते मूळचं, कंपनीचा शिक्का असलेलं, भेगाळलेलं. वर, बिजागऱ्यांच्या मधोमध, त्याची दोन टोकं जुळतात त्या जोडात बोटभर फट.

"हे तर मी काढून बाबांना परत दिलं होतं!" मिस्त्री म्हणाला.

"मीच बदललं," सासरे दारातून म्हणाले. "जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात सगळं मूळचं लागतं. नवं रबर दिसलं की गुण कापतात."

"बाबा, जोड कुठे ठेवलात?"

"हे काय विचारणं झालं? खाली, कुलपापाशी. वर ठेवला तर झाकण उघडता-मिटता ताणून सुटतो. चाळीस वर्षं सांभाळतोय ही गाडी."

"मीही खालीच ठेवतो," मिस्त्री पुटपुटला.

तिने नुसतं बोट दाखवलं. सासऱ्यांनी फट पाहिली आणि डिकीचं झाकण खाली ओढलं.

ती परतली तेव्हा नवरा खाटेशी बसला होता.

"रबर मिस्त्रीने बदललं नाही, बाबांनीही नाही," ती म्हणाली. "दोघंही झोपेतसुद्धा जोड खालीच ठेवतील. हा वर आहे. न कळणाऱ्या माणसाने घाईत लावलाय. बाबा कुणासाठी खोटं बोलतील? एकाच माणसासाठी. आणि आज आम्ही उघडेपर्यंत डिकी बंद होती. मग आत भेगाळलेलं रबर आहे, हे तुला सकाळीच कसं कळलं?"



"बाबांनी आयुष्यात एकदा तरी शाबास म्हणावं, एवढंच होतं," तो म्हणाला. "प्रदर्शनात कप मिळाला. म्हणाले."

"नंतर नवं परत का नाही लावलंस?"

"राहून गेलं."

"प्रदर्शनाला जाताना वास आला नाही?"

"आला. डोकंही दुखलं जरा. मी काच खाली केली."

"आणि आज?"

"आज तिला सर्दी होती ना... काचा बंदच ठेवल्या."

"आणि तुरुंगात मिस्त्रीने जायचं. तेही माझ्या सहीने."

पोलीस आले. हवालदाराने कागद पुढे केला. तिने मिस्त्रीचं नाव खोडलं, वर नवऱ्याचं लिहिलं आणि सही केली.

तेवढ्यात छोटीने डोळे उघडले. मास्कआडून किरकिरली आणि दोन्ही हात बापाकडे पसरले. तो उठला.

"बस खाली," ती म्हणाली. "आधी त्यांना उत्तरं दे."