पेंग्विनची चाल आणि एक अट

जुईचा बिबटघंटेचा प्रोग्राम चिकटरावांनी तिसऱ्यांदा परत केला, तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं. घंटा तर झकास वाजत होती. मग अडत होतं कुठे?

गोष्ट २०६१ सालची. जुई डुंबरे सातवीत होती आणि जुन्नरकडच्या बोरखिंडीत राहायची. तिथे घरांपेक्षा ऊस जास्त, आणि उसात बिबटे. तिने बांधावर एक कॅमेरा बसवला होता. समोरून कुत्रं किंवा वासरू गेलं तर तो गप्प राही. बिबट्या गेला की गावात घंटा वाजे. सोमवारपासून ऊसतोडणी सुरू होणार होती. ऊस तुटला की बिबटे बाहेर पडतात, आणि मुलांची शाळेची वाट उसाच्या कडेनेच जाते. म्हणून बोरखिंडीसकट चाळीस गावांना ही घंटा हवी होती. ती त्यांना मिळणार होती तालुक्याच्या कोडघरातून, म्हणजे प्रोग्रामांच्या सार्वजनिक वाचनालयातून. तिथला तपासनीस यंत्रमानव प्रत्येक ओळ वाचायचा आणि शंका आली की पिच्छा सोडायचा नाही, म्हणून पोरांनी त्याचं नाव चिकटराव ठेवलेलं. आज शुक्रवार उजाडला होता.

चिकटरावांनी विचारलं, प्राण्याची चाल ओळखणारी ही फाइल कुणाची? जुईने सांगून टाकलं की ती तिची नाही, इंटरनेटवर फुकट मिळाली.

“फुकट मिळणं आणि परवानगी मिळणं या दोन गोष्टी आहेत, जुईताई,” चिकटराव म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. कोड लिहिला की तो आपोआप लिहिणाऱ्याच्या हक्काचा होतो. इतरांनी तो कसा वापरायचा, हे परवान्यात (वापराच्या लेखी परवानगीत) असतं. मुक्त स्रोत कोड (जो कुणीही उघडून पाहू, बदलू आणि वाटू शकतो) असला, तरी त्यालाही परवाना लागतोच. नेहमीचे दहा-बारा परवाने चिकटराव बघताक्षणी ओळखत. या फाइलीत मात्र काहीच नव्हतं.

जुईचा चेहरा उतरला. फाइलीच्या वर सहा ओळी होत्या खऱ्या. शाळेत सुटसुटीत कोडला पाच गुण जास्त मिळायचे, म्हणून तिने त्या पाल्हाळ समजून पुसल्या होत्या.

चिकटराव रागावले नाहीत. त्यांनी कोडचा ठसा (त्यातल्या ओळींवरून गणिताने काढलेली छोटी खूण) घेतला, जुन्या साठ्यातल्या ठशांशी ताडून पाहिला आणि दोन मिनिटांत मूळ फाइल शोधली. वरचा मजकूर त्यांनी मोठ्याने वाचला. “हा कोड वापरा, बदला, वाटा. अट एकच. ज्या गावात तो चालेल, तिथल्या एका पक्ष्याचं नाव मला हाताने लिहून टपालाने कळवा. शरयू टिपणीस.”

जुईला हसूच आलं. एवढंच ना, मी आजच कार्ड टाकते, असं ती म्हणाली. पण अट कोडबरोबर पुढे जाते, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. चाळीस गावांतलं एक जरी विसरलं, तरी तिथली घंटा विनापरवानगी वाजणार. शिवाय तिच्या प्रोग्रामचा दुसरा एक भाग ज्या परवान्याखाली होता, त्यात स्पष्ट लिहिलं होतं की वर कुणी नवी अट लादायची नाही. म्हणजे हे दोन भाग एकत्र वाटताच येत नव्हते. चालीचा भाग नव्याने लिहायचा तर महिना गेला असता.

“दुसरा मार्ग सोपा आहे,” चिकटराव म्हणाले. “ज्यांनी अट घातली, त्यांनाच विचारायचं.”

सोपा कसला? आपण काय पुसलं, ते जुईला कबूल करावं लागणार होतं. शरयू टिपणीस आता एक्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि दापोलीला राहत होत्या. पडद्यावर त्यांचा चेहरा दिसताच जुईने एका दमात सांगितलं, “आजी, मी तुमचं नाव पुसलं. कामाचं नाही असं वाटलं मला.”

आजी मजेत हसल्या. हा कोड त्यांनी अंटार्क्टिकात चालीवरून पेंग्विन ओळखून मोजायला लिहिला होता. आठ महिने पेंग्विनशिवाय दुसरा पक्षी नाही. घरच्या चिमण्या-साळुंक्यांच्या आठवणीने त्या इतक्या कासावीस झाल्या की त्यांनी ती अट घातली. दोनशे बारा कार्डं आली होती, सगळी जपून ठेवलेली.

“अट काढते,” त्या म्हणाल्या. “विनंती मात्र ठेवते. माझं नावही राहू दे.”

अट मोडली तर परवानगी जाते. विनंती राहून गेली तर कुणी दोषी ठरत नाही. आजींनी तिथल्या तिथे एक साधा, सर्वांना ठाऊक असलेला परवाना निवडून फाइलीवर घातला. जुईने पुसलेलं नाव स्वतः पुन्हा लिहिलं आणि चिकटरावांनी हिरवी खूण केली. रविवारपर्यंत चाळीस गावांत घंटा बसल्या. मंगळवारी एका गावात ती वाजली आणि तिथली मुलं वीस मिनिटं उशिरा, पण सुखरूप शाळेत पोचली.

महिन्याभराने जुई कोडघरात असताना आजींचा फोन आला. भारद्वाज, टिटवी, हुदहुद, कोतवाल... एकोणचाळीस गावांची कार्डं आली होती.

“चाळिसावं कुठलं राहिलं, ते तूच सांग,” त्या म्हणाल्या.

जुईने जीभ चावली. बोरखिंडच राहिली होती.

ती विनंती होती, त्यामुळे दोष लागत नाही, असं चिकटराव सांगू लागले, पण जुई तोवर पेन आणायला धावली होती. तिने कार्डावर ‘खंड्या’ लिहिलं. मग नव्या प्रोग्रामची कोरी फाइल उघडली आणि कोडची एकही ओळ लिहिण्याआधी वर आपलं नाव आणि परवाना घातला. त्याखाली लिहिलं: ‘एक विनंती. तुमच्या गावची मुलं कुठल्या वाटेने शाळेत जातात, ते मला कळवा.’