दुसऱ्या माणसाची सही

बसा. वीज येईपर्यंत दिवा इथेच राहू द्या. मी पस्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, तरी हे सांगताना माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही. तुम्हाला शंका आली तर मध्येच थांबवा.

शहाण्णव सालचा मे महिना. जळगावात पारा पंचेचाळिसावर. आमच्या विद्यापीठात एक सामायिक प्रयोगशाळा होती. विद्यार्थी, इतर कॉलेजांचे प्राध्यापक, कारखान्यांतले इंजिनिअर, सगळे तिथे येत. केसाच्या हजाराव्या भागाइतके पातळ थर सिलिकॉनच्या चकत्यांवर चढवायचे, मग अ‍ॅसिडने कोरायचे. धुळीचा कणही चालत नसे. म्हणून आत जाताना पांढरा झगा, टोपी, तोंडाला पट्टी. फक्त डोळे दिसत. खिडकी नाही. दिवे पिवळे. दाराला एक काच, एवढंच.

अ‍ॅसिडजवळ एकट्याने थांबायचं नाही, हा नियम माझाच. रजिस्टरमध्ये दुसऱ्या माणसाची सही लागे.

त्या दुपारी यावलची यशोदा चौधरी माझ्या खोलीत आली. प्रबंधासाठी तिची शेवटची चकती राहिली होती. मदतनीस शालिग्राम धुळ्याकडे लग्नाला गेला होता.

"सर, अर्ध्या तासाचं काम आहे. तुम्ही आत उभे राहाल का?"

"तू सुरू कर, मी आलोच," म्हणत मी रजिस्टरवर सही केली. आत गेलो मात्र नाही. बैठक होती, वाटलं, पाच मिनिटं तोंड दाखवून येऊ. अशा सह्या आम्ही सगळेच करायचो.

बैठकीत बसल्यावर पंखे थांबले. वीज गेली. जनरेटरवर प्रयोगशाळेचे दिवे आणि मोजमापाची यंत्रं चालत, पण अ‍ॅसिडची वाफ ओढणारा पंखा त्यावर जोडलेला नव्हता. तो थांबला की हातातलं टाकून बाहेर यायचं, हे यशोदाला पाठ होतं. तरीही बैठकीत बसवेना. मी उठलो. उन्हातून, त्या वयाच्या मानाने, धावलोच.

व्हरांडा रिकामा. म्हणजे ती बाहेर आलेली नव्हती.

काचेतून पाहिलं. पिवळ्या उजेडात दोन पांढरे झगे. एक यशोदाचा, बुटका, टेबलावर वाकलेला. दुसरा तिच्या मागे, अगदी जवळ. शालिग्राम परत आला असणार! मी बाकावर टेकलो. छाती धडधडत होती, पण बरं वाटत होतं. ती एकटी नव्हती, शालिग्राम तिला आता बाहेर काढेलच.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या.

"काय जयं, सर? लगनमा तुम्ही उनात नहीत, म्हनीसन मीच लाडू लई उनू!"

शालिग्राम. हातात लग्नाच्या लाडवांची पिशवी, कपाळावर कुंकू.

"तू... आत्ता येतोयस?"

"हाई काय, यस्टीमाईन उतरनू." त्याचं हसू मावळलं. "मंग मझार कोन शे?"

आत कोण आहे ते त्यानेच बघावं म्हणून मी काचेकडे बोट दाखवलं. त्याने पाहिलं. मग दाराशेजारच्या धूळमापकाकडे पाहिलं. आतल्या हवेतले कण मोजणारं यंत्र ते. जिवंत माणसाच्या अंगातून सतत कातडीचा भुगा झडतो. झगा घातला तरी थोडा निसटतोच. आत किती माणसं आहेत, हे शालिग्राम नुसता काटा बघून सांगे.

त्याने यंत्रावर टिचकी मारली. पुन्हा मारली.

"सर..." तो कुजबुजला. "एकच माणूस शे मझार."

जन्मभर मी कुणाला झग्याशिवाय आत जाऊ दिलं नव्हतं. त्या दिवशी बुटांसकट घुसलो. घशात आग उतरली. यशोदा टेबलाशी उभी होती, मान छातीवर, डोळे उघडे. मागे कुणी नव्हतं. मी तिला धरलं तेव्हाच तिचे गुडघे वाकले. इतका वेळ ती कशाच्या आधाराने उभी होती?

ती वाचली. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तिचे वडील, चुडामणभाऊ, माझे हात सोडेनात. "सर, तुम्ही होते म्हणून माझी पोरगी वाचली." ते पाणी आणायला गेले, मी खाटेजवळच्या स्टुलावर बसलो, तेव्हा ती हळू बोलली.

"सर, मी तीनदा निघाले होते. तुम्ही सोडलं का नाहीत?"

"मी?"

"खांदे धरून ठेवलेत. हात गार होते तुमचे. म्हणालात, तू गेलीस तर मी एकटा राहीन. इथं एकट्यानं थांबायचं नाही, नियम आहे..."

मी सांगायला हवं होतं, की पोरी, मी आत आलोच नव्हतो. नुसती सही करून निघून गेलो होतो. शब्द ओठांपर्यंत आले. पण चुडामणभाऊ परत येतील, त्यांच्या कानावर पडेल, याची भीती वाटली. मी म्हणालो, "हो, मीच होतो. चुकलं माझं."

तिने मान हलवली. पण नजर माझ्यावर नव्हती. माझ्या खांद्यामागे कुठेतरी होती. मग सलाईनचा हात सावरत, खाटेवर जागा करत ती भिंतीकडे सरकली, आणि माझ्याशी नव्हे, माझ्या मागे बघत अदबीने म्हणाली,

"बसा ना, सर... किती वेळ उभे राहाल?"