पट्टीचं दुसरं टोक

नाताळच्या सुट्टीत मी कोरगावला गेले, ते माझ्या जावेचं नवं खूळ डोळ्यांनी बघायला. माझा नवरा मधुकर डिचोलीच्या घरात बसून तिचं कौतुक करून थकत नव्हता. आनंदी घरी पास्ता करते, हरमलचे शॅकवाले, म्हणजे किनाऱ्यावर झावळ्यांची हॉटेलं चालवणारे, जीप घेऊन न्यायला येतात, गोरे लोक मिटक्या मारत खातात. गोऱ्या लोकांचं काय सांगावं? किनाऱ्यावर उघडेवाघडे पडून सोलकढीत पाव बुडवून खाताना मी त्यांना पाहिलेलं आहे. त्यांच्या जिभेच्या भरवशावर कोणी धंदा काढत असेल, तर घरातल्या एका तरी शहाण्या माणसाने जाऊन बघायला हवं.

ते शहाणं माणूस मी. डिचोलीच्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवते. कोणी काही अद्भुत सांगायला लागलं की मी आधी विचारते, तू स्वतः पाहिलंस का? बहुतेकांची गोष्ट तिथेच संपते. मोपाच्या पठारावर विमानतळ होणार ही बातमी तेव्हा नवीन होती, आणि पेडण्याच्या बसमध्ये ज्याने उभ्या जन्मात विमान जवळून पाहिलं नाही तोही धावपट्टीच्या लांबीवर बोलत होता. मी खिडकीबाहेर बघत बसले.

माझा दीर अनंत खाणीवर ट्रक चालवतो आणि आठवड्यातून एकदा घरी येतो. माणूस निरुपद्रवी. राजभाषेचं आंदोलन पेटलं होतं तेव्हा हा मराठीच्या सभेला गेला, कोंकणीच्याही सभेला गेला, आणि दोन्हीकडचा चहा चांगला होता असं सांगत घरी आला. त्याला शोभेलशी बायको मिळाली. आनंदी सावंतवाडीकडची, शिक्षण सातवीपर्यंत, मूलबाळ नाही, आणि बोलायला कोणी नाही म्हणून कोंबड्यांशी बोलणारी.

घर रस्त्यापासून आत, काजूच्या डोंगराच्या पायथ्याशी. पुढे लाल कोब्याचं बालकांव, म्हणजे बसायचा ओटा, मागे भाड्याने द्यायची एक खोली. त्या खोलीत एक म्हातारी इटालियन बाई दोन हंगाम राहून गेली होती. पास्ता करायला तिनेच आनंदीला शिकवलं. पावसाच्या आधी ती आपल्या देशी गेली आणि परत आली नाही. यंत्र मात्र ठेवून गेली. आनंदीच्या मते तिने ते प्रेमाने दिलं. मला विचाराल तर सामानात जड झालं म्हणून टाकलं.

यंत्र स्वयंपाकघरातल्या मेजाच्या कडेला स्क्रूने आवळलेलं होतं. पोलादाचे दोन गुळगुळीत रूळ, त्यांच्यामधली फट कमीजास्त करायला बाजूला एक खुंटी, आणि फिरवायला हँडल. मैद्यात अंडी फोडून घट्ट गोळा मळायचा, ओल्या फडक्याखाली मुरवायचा, मग तो चपटा करून वरून रुळांत घालायचा आणि हँडल फिरवायचं. खालून पट्टी बाहेर येते. तिची घडी घालून ती पुन्हा घालायची, मग दर खेपेला फट कमी करत जायचं, इतकं की शेवटी पट्टीखालच्या मेजपोशावरची फुलं दिसायला लागतात. ती पट्टी दात्यांच्या रुळांतून काढली की झाल्या शेवया. आमच्याकडे लाकडी साच्यातून शिरवाळे पाडतात आणि नारळाच्या गोड रसात खातात. त्यांच्यासाठी कोणी दारात जीप लावल्याचं मी ऐकलेलं नाही. त्यात अंडं घातलं आणि परदेशी नाव ठेवलं की कला होते.

मी हे आनंदीला सांगितलं. ती हसली. तिला टोमणा कळत नाही, हा तिचा जुना दोष.

ह्या कामातली अडचण मला बघताक्षणी कळली. एका हाताने पट्टी वरून सरकवत राहायची, दुसऱ्याने हँडल फिरवायचं. मग खालून येणारी लांब पट्टी धरायची कोणी? धरली नाही तर ती मेजावर पडून गोळा होते, स्वतःलाच चिकटते. मी विचारलं, शेजारच्या गंगाला मदतीला का घेत नाहीस? आनंदी म्हणाली, गंगा आधी यायची, आता येत नाही. आणि आता लागतही नाही.

असं म्हणून तिने हँडल फिरवायला सुरुवात केली. पट्टी रुळांतून बाहेर आली आणि खाली पडण्याऐवजी तशीच पुढे निघाली. मेजापासून वीतभर उंच, आडवी, संथ. आनंदी तिच्याकडे बघतसुद्धा नव्हती. शेवटचं टोक सुटल्यावर पट्टी अलगद मेजावर उतरली, लांबच्या लांब, एकही सुरकुती न पडता.

कणीक घट्ट असली की पट्टी ताठ राहते, असं मी म्हटलं. आनंदी मान हलवून बरं म्हणाली.

पुढच्या खेपांना फट कमी होत गेली. शेवटच्या पट्टीतून खिडकीचा उजेड आरपार येत होता. तीही तशीच गेली. इतक्या पातळ वस्तूला ताठपणा नसतो हे मला पक्कं माहीत होतं. पण समोर सातवी शिकलेली बाई होती, तिच्यासमोर आपलंच वाक्य मागे घ्यायचं मला काही कारण दिसलं नाही.

संध्याकाळी गंगा बालकांवात आली. अंगणातून येताना तिने चपला काढल्या, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. तू मदतीला यायचं का सोडलंस, मी विचारलं. तिने आत स्वयंपाकघराच्या दिशेने पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "दोगांचें काम तें, बाई. दोगां आसात थंय."

दोघं आहेत म्हणे तिथे. मी आत वळून पाहिलं. आनंदी एकटीच मेज पुसत होती. गावातल्या बायकांना काहीतरी गूढ बोलल्याशिवाय निरोप घेता येत नाही, त्यातलंच हे.

सकाळी मात्र मी एक गोष्ट पाहिली. बांबूवर वाळत घातलेल्या रुंद पट्ट्यांपैकी एक मी उलटी केली. तिच्या टोकाशी, खालच्या बाजूला, बोटांचे उथळ ठसे होते. पट्टी तळव्यावर घेतली की उमटतात तसे. आनंदीची बोटं आखूड आणि जाड आहेत. मी माझी बोटं त्या ठशांवर ठेवून पाहिली. माझी बोटं संपली तरी ठसे पुढे चालूच होते.

मी आनंदीला बोलावलं आणि हे कोणाचे म्हणून विचारलं.

"तेचे," ती म्हणाली. "तेचो हात लांब आसा."

"कोणाचा हात?"

"माका खंय ठावक? मी इचारूक नाय, वैनी. कोण आपणहून मदत करता, तर तेका इचारूचा कित्याक?"

हे ती नळाचं पाणी कधी येतं ते सांगावं तशी सांगत होती. ती इटालियन बाई असल्यापासून ते आहे म्हणाली. आधी बाईबरोबर काम करायचं, मग तिच्याबरोबर करायला लागलं. भीती वाटत नाही का, म्हटलं तर तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू भीतीचा प्रश्न विचारणारीच खुळी. अनंत घरी नसतो, ती म्हणाली, हे असतं.

मला तिचा राग आला नाही. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. मी फक्त ठरवलं की हा प्रकार आजच संपवायचा.

दुपारी ती शॅकवाल्याच्या जीपमधून हरमलला माल पोचवायला गेली. मी दार लावलं, खिडकी बंद केली म्हणजे वारा नको. मेजाखाली वाकून दोरा, तार, काही आहे का ते पाहिलं. मग माझ्या हाताने कणीक मळली, आणि मुद्दाम सैल मळली. ती ताठ राहणं शक्यच नव्हतं.

पहिली पट्टी बाहेर आली आणि मेजावर पडून तिचा गोळा झाला. मला जे समाधान वाटलं ते वर्गात कॉपी पकडल्यावर वाटतं तसं होतं. घडी घालून पुन्हा घातली. पुन्हा गोळा.

तिसऱ्या वेळी टोक खाली झुकलं, मेजाला टेकलं, आणि उचललं गेलं.

मी हँडल फिरवत राहिले. पट्टी पुढे जात होती, पण तिरपी, एक बाजू खाली. धरणाऱ्याला माझ्या सैल कणकेची सवय नसावी. इतकी वर्षं प्रयोगशाळेत मुलांच्या हातात दोऱ्या आणि पट्ट्या देऊन मला एक सवय जडलेली आहे. तोंडातून निघून गेलं, "सरळ धर."

पट्टी सरळ झाली.

घर अगदी शांत होतं. बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या, तो आवाज येत होता. मैद्याचा आणि कच्च्या अंड्याचा वास होता. माझा हात हँडलवर होता आणि मी तो थांबवला.

पट्टी थांबली नाही. हँडलला हलकी ओढ लागली, घाई नसलेली.

मी हात काढून घेतला. हँडल फिरत राहिलं.

पट्टीचं मागचं टोक रुळांतून सुटलं. आता तिला यंत्राचाही आधार नव्हता. ती मेजाच्या वर, माझ्या छातीच्या उंचीवर, आडवी थांबली. तिने आता काय करायचं, हे मी सांगायचं होतं.

"ठेव खाली," मी म्हणाले.

ती खाली ठेवली गेली.

मी यंत्र कोरड्या ब्रशने साफ केलं. त्याला पाणी लावायचं नसतं. माझे हात स्थिर होते, हे मी तेव्हाच पाहून घेतलं. कणीक कोंबड्यांना टाकली. आनंदी आल्यावर तिला काहीही सांगितलं नाही. ज्याचं स्पष्टीकरण आपल्याकडे नाही ते सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला सांगणं म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी घालणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेहमीसारखा गोळा रुळांत घातला. पट्टी बाहेर आली आणि मेजावर पडली. तिने ती सोडवली, पीठ भुरभुरलं, पुन्हा घातली. पुन्हा पडली. तिने कणीक बदलली. एका हाताने फिरवून दुसऱ्याने धरायला गेली तर वरची बाजू दुमडली. मेजावर चिकट गोळ्यांचा ढीग झाला. मी हवेतल्या दमटपणाबद्दल बोलले. ती ऐकत नव्हती. तिने हँडल सोडलं, माझ्याकडे वळली, आणि तिचा चेहरा मी पहिल्यांदाच हसरा नसलेला पाहिला.

"वैनी, तुमी तेका कायतरी सांगितलास."

मी म्हटलं, वेडी आहेस.

"मी कधी तेका सांगूक नाय. एकदा पण नाय. तुमी सांगितलास."

शॅकवाल्याची जीप आली आणि रिकामी परत गेली. आनंदी जमिनीवर बसून राहिली, हातांना पीठ तसंच. गंगा बालकांवातून आत आली, ह्या वेळी सरळ स्वयंपाकघरापर्यंत, आणि तिच्याजवळ बसली. मी दुपारच्या बसने निघाले. रडणाऱ्या बायकांच्या घोळक्यात मला कधीच जमत नाही.

धंदा बंद पडला, हे मधुकरने सांगितलं. मी त्याला म्हटलं, मी काय म्हणत होते?

शिमग्याच्या आसपास आनंदी डिचोलीला आली. मधुकर ऑफिसात होता. ती वाळली होती, केसांत तेल नव्हतं. बस म्हटलं तर बसली नाही, चहा नको म्हणाली. दारातच उभी राहून ती माझ्या खांद्यावरून आत बघत होती, जत्रेत ओळखीचं माणूस शोधावं तशी.

"माका तेची सवय झालली," ती म्हणाली. "तुमच्याकडे भावोजी आसत, शाळा आसा. तेका परत धाडा, वैनी."

मी तिला जे सांगायचं ते सगळं सांगितलं. एकटेपणात मनाचे खेळ होतात, अनंतने बदली करून घ्यावी, पेडण्याच्या डॉक्टरांना दाखवावं. चांगलं, मुद्देसूद सांगितलं. ती शेवटपर्यंत ऐकत होती, असं मला वाटलं. मग तिची नजर माझ्या बाजूला, जरा वरच्या अंगाला स्थिरावली आणि चेहरा थोडा निवळला.

"येतंय मगे," ती म्हणाली. मला नव्हे.

मी मागे वळून पाहिलं नाही. असल्या नाटकांना दाद दिली की ती वाढतात.

त्यानंतरच्या एका रविवारी, भर दुपारी, मी गच्चीवरून वाळलेली साडी काढून आणली. सुती, कडक खळ घातलेली. मधुकर आतल्या खोलीत झोपला होता. अशा साडीची घडी एकट्याने नीट होत नाही, पण त्यासाठी नवऱ्याला उठवावं इतकीही ती अवघड नाही. मी एक टोक दोन्ही हातांत घेतलं आणि उरलेली साडी हॉलच्या फरशीवर सोडली.

दुसरं टोक फरशीवरून उचललं गेलं. साडी ताणली गेली, मला हवी होती तितकीच. मग थांबली.

मी ओरडले नाही. मी पाहिलं. बघणं हेच माझं काम आहे.

दोन हातांनी कोपरे धरलेलं कापड मध्ये झोळ खातं. रुंदी जितकी जास्त तितका झोळ जास्त. हे सांगायला विज्ञान लागत नाही, धुणं वाळत घालणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. समोरच्या काठाला झोळ नव्हता. ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत काठावर बारीक बारीक चुण्या पडल्या होत्या, चिमटीला चिमटी लागून. दोन हातांत इतकी बोटं नसतात.