मलेरियाच्या घरातलं शेवाळ

"हे सगळं हातानं काहून जुळवता जी?"

कोथरूडच्या सायबर कॅफेत शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. स्क्रीनवर प्रथिनांच्या रांगा एकेक करून जुळवणं थांबवून मी वळून पाहिलं. चौकटीचा शर्ट, गळ्यात आयटी कंपनीचं ओळखपत्र आणि डोळे... डोळे बरे होते.

"दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावणं विदर्भात चालतं वाटतं?"

"चालते न. इथं नाही चालत?"

"चालतं. पण इथं डोकावून गप्प बसतात!"

तो हसला. नाव सुदर्शन, गाव अमरावती. मी उत्कर्षा, मलेरियाच्या परजीवीची प्रथिनं मुळात आली कुठून, यावर पीएचडी करत होते. त्यातली काही प्रथिनं चक्क शेवाळाशी नातं सांगतात, असा मला संशय होता. दुसऱ्या दिवशी ते माझ्या गाईड मॅडमना दाखवता आलं नसतं, तर त्या विषयच बदलणार होत्या. नेमकं तेव्हाच आमच्या संशोधन संस्थेतलं इंटरनेट बंद!

"द्या इकडं. प्रोग्राम लिहून देतो," तो म्हणाला. फ्लॉपी देताना बोटांना बोटं लागली आणि मी उगाचच घड्याळ पाहिलं.

सकाळी तो संस्थेच्या फाटकाशी हजर! मी निकाल उघडला... आणि यादी दोनदा वरून खाली चाळली.

"अहो, शेवाळ कुठंय?"

"ते काढलं न मी. मलेरियात शेवाळ म्हणजे कचराच. आमच्या ऑफिसात डेटा आधी साफ करतात."

"तोच तर माझा शोध होता!" मला रडूच फुटलं.

त्याचा चेहरा उतरला. एका शब्दानंही वाद न घालता त्यानं ऑफिसला रजा कळवली आणि माझ्या कॉम्प्युटरवर बसून फ्लॉपीतल्या मूळ डेटावरून सगळी तुलना पुन्हा केली. मॅडम आल्या तेव्हा तो उठून उभा राहिला.

"उशीर माझ्यामुळं झाला, मॅडम. यांचं काम चोख आहे."

मॅडमनी चष्मा वर सरकवला. स्क्रीनवरच्या उत्क्रांतीच्या वृक्षावर मलेरियाची प्रथिनं शेवाळाच्या फांदीवर ऐटीत बसली होती.

"नमुन्यात भेसळ नाही ना?"

"नाही मॅडम. परजीवीच्या दुसऱ्या जातींतही हेच येतंय."

"हं. मग चालू ठेव."

मॅडमच्या तोंडून एवढं म्हणजे आरतीच! मी सुदर्शनला कँटीनमध्ये चहा पाजला.

"पण शेवाळ तिथं गेलं कसं?" त्यानं विचारलं.

"परजीवीच्या कुठल्याशा पूर्वजानं गिळलं. पण पचवलं नाही. ते आतच राहिलं, कामाला लागलं. आता त्याच्यावाचून परजीवीचं चालत नाही."

तो कप फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "बाहेरून आलेल्याले असं ठेवून घेतात... पुण्यात?"

"सहसा नाही. आधी पारखून घेतात."

मला तो आवडला होता. चूक अंगावर घेऊन मॅडमसमोर उभा राहिला, तेव्हाच.

"रविवारी घरी या," मी म्हटलं. "बाबा शंभर प्रश्न विचारतील. आई एकही विचारणार नाही. तिला घाबरा."

"अन् तुम्ही?"

"मी?" कानांच्या पाळ्या तापल्या. "मी तर केव्हाची... हो म्हणून बसलेय."