डोहाळ्यांची माती

करा वाजला नाही. तिथून सुरुवात झाली, बाई.

पोटाला हात लावायच्या आधी एवढं ऐकून घ्या. सुईणीपासून काही लपवू नये म्हणतात. दिवा मात्र जवळच असू द्या. मी मुळात भित्री, उतरंडीवरून झाकणी घसरली तरी दचकते.

तर, करा. आखितीला, अक्षय तृतीयेला, पितरांच्या नावाने पाणी भरून दान देतात ना, ते लहान मडकं. त्या दिवसांत आमच्या कुंभारवाड्यात दुसरं काही घडत नाही. सगळ्या कसब्याचे, बुधवारातले पितर आमच्या हातच्या मडक्यातलं पाणी पितात. आव्यातून भाजून निघालेला प्रत्येक करा मी बोटाने वाजवून बघते. खणकन बोलला की पक्का. हा बोलला नाही. तडा नव्हता, कच्चाही नव्हता. कुणाच्या तरी गालावर टिचकी मारावी तसा आवाज आला. मऊ. नाकाजवळ नेला तर आत शिळ्या तेलाचा वास.

घरधन्यांना दाखवला. ते म्हणाले, माती नवी आहे, नदीने पात्र सोडलं तिथली. लोण्यासारखी चढते चाकावर, वासाचं काय घेऊन बसलीस.

लोण्यासारखी होती खरी. मला ठाऊक होतं, कारण मी ती खात होते.

तोंड फिरवू नका, बाई. डोहाळे होते. मातीचे डोहाळे कुणाला लागत नाहीत? पण ही माती निराळी. गोडसर, तुपकट; टाळूला चिकटून राहायची, आणि गिळली की आणखी हवीशी वाटायची. सगळे निजले की ओल्या गोळ्यात बोटं खुपसायची मी. एकदा दाताखाली काहीतरी कडक आलं. खडा समजून चुलीच्या राखेत थुंकले. सासूबाईंनी, बायडाबाईंनी, नेमकं पाहिलं.

"खा," म्हणाल्या. "पोर नाही तर रांजण तरी होईल."

जीभ तिखट, पण आत धास्ती होती त्यांना. माझं पहिलं मूल पाचवीची रात्र ओलांडू शकलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, माझ्या माहेरचे तहानलेले आहेत. पुण्यात लूट झाली आणि तिच्यामागून दुष्काळ आला, त्या साली आजा, आजी, आई, बाप, सगळे गेले. जाळायला सरपण कुठलं? नदीकाठी खड्डे खणले आणि एकावर एक लोटले. मडकं थोपटताना आतून धरायचा दगड आजाच्या मुठीतून सुटेना, तो तसाच गेला त्याच्याबरोबर. वर ना खूण, ना उंचवटा. मी तेवढी उरले, बायडाबाईंनी पदराखाली घेतलं म्हणून. माहेरी पाणी द्यायला पुरुष राहिला नाही. तेव्हा आखितीला त्या जागेवर तूच एक करा ओत, तरच हे मूल राहील, असं त्यांनी बजावलं.

पण जागा कुणाला माहीत?

गेनबाला. त्या साली त्याच्याच गाढवावरून मढी गेली. आता तेच गाढव आमची माती वाहतं. म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

आखितीच्या दुपारी तो न वाजणारा करा भरून घेतला, नाहीतरी विकता येत नव्हता, आणि गेनबाच्या मागे निघाले. काठावर माणूस नव्हतं. उन्हात गाळाला बुरसट कढ आल्यासारखी दुर्गंधी सुटली होती. गेनबा चाचपडत उभा राहिला. बाभळी वाहून गेलेल्या, नदी सरकलेली. मग त्याने दोरी सोडून दिली.

"ह्येला ठावं हाय," तो म्हणाला.

गाढव आपल्या चालीने गेलं आणि थांबलं. कुठे थांबलं, तर आमच्याच नव्या मातीच्या खाणीपाशी. मला वाटलं, रोजची सवय. मी म्हटलंही तसं.

गेनबाने गाढवाची पाठ चाचपली. "ही नवी माती दावायला तरी मला कुठं दिसत हुतं, पोरी… तवाबी ह्येच हितं आलं हुतं."

मी खाली उतरले. कुदळीने कापलेली कड ओली, चकचकीत होती. तिच्यातून पिवळट तेल पाझरत होतं. मुळ्या समजून हात लावला ते केस निघाले. त्यांच्या खाली एक जबडा, दात खड्यांसारखे रुतलेले, आणि मधोमध एक जागा रिकामी. बाई, मला राख आठवली. चुलीतली.

त्याच्या जरा पलीकडे दगड होता. गुळगुळीत, अंगठ्याची खोबण पडलेला. लहानपणी त्या खोबणीत मी माझा अंगठा घालून बघायचे. नीट बसला नव्हता कधी. आता बसला.

ओकारी आली. वाकले, घशात बोटं घातली, डोळ्यांतून पाणी आलं, पण पोटातलं काही वर येईना. आतून कुणी घट्ट धरून ठेवल्यासारखं. वर बघते तो गेनबा नाही, गाढव नाही.

पळावंसं वाटत होतं. पण मूल राहायला हवं होतं ना? कऱ्यातलं पाणी ओतलं. मातीने ते घेतलंच नाही. कमळाच्या पानावरून घरंगळावं तसं ते माघारी आलं, माझ्याच पायांशी थांबलं.

मग मी हाक मारली. आजाला, बापाला, आईला. नदीच्या पाण्याचाही आवाज येईना. शेवटी आजीला.

"आजी… पाणी आणलंय… घे ना गं…"

पुन्हा हाक मारली. आणि मग उत्तर आलं, बाई. मऊ, म्हातारं, बिनदातांचं. खड्ड्यातून नाही. माझ्या बेंबीच्या खालून.

"ओ…"