पाठमोरा बिल्ला

जेवणं आटोपली, तशी मनोहररावांनी गच्चीवर जमलेल्या पोट्ट्यांना मोबाईल खिशात टाकायला लावले. "देवाजी माह्या ओळखीचा माणूस. त्याच्यावर बेतलं ते सांगून राहिलो. पटलं नाही तं उठून जा, पण मधात बोलू नका." आणि त्यांनी सांगितलं ते असं.

बारा डिसेंबर दोन हजार तेवीस. मंगळवार, अमावस्या. देवाजी भिवापूरला जाऊन धरमपेठेतल्या बहिणीसाठी पाच किलो मिरची घेऊन आला होता. पिशवी रेडिओच्या खोलीत ठेवली आणि मुलीची वाट बघत बसला. बापलेक सोबतच घरी जाणार होते. मुलगी, नंदिनी, अजून आभाळात होती.

उमरेड रस्त्यापासून आत, विमान चालवायला शिकवणाऱ्या एका संस्थेची ती छोटीशी धावपट्टी. मोठ्या विमानतळावर असतो तसा टॉवर तिथे नाही. 'तू थांब, तू उतर' म्हणणारा कोणी नाही. ज्याने त्याने रेडिओवर सांगायचं, मी अमक्या बाजूला आहे, उतरतोय. बाकीच्यांनी ऐकायचं आणि अंतर ठेवायचं. खोलीतल्या देवाजीने फक्त ऐकायचं. वैमानिकाला हुकूम सोडला तर नोकरी गेली म्हणून समजा. त्याचं दुसरं काम बिल्ल्यांचं. भिंतीवरच्या फळीला खिळ्यांच्या दोन ओळी, 'वर' आणि 'खाली'. उडणाऱ्याने आपला पत्र्याचा बिल्ला 'वर' टांगायचा, उतरला की स्वतःच्या हाताने 'खाली'.

सात नंबरचा बिल्ला सहा वर्षं 'वर'च होता. तो शिकवणाऱ्या गणपतराव साहेबांचा. त्यांनी आणि बाहेरून आलेल्या एका वैमानिकाने एकाच क्षणी बोलायला रेडिओचं बटण दाबलं होतं. दोघं एकदम बोलले की कोणाचंच ऐकू येत नाही, नुसती किरकिर होते. दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. साहेब उतरलेच नाहीत, मग बिल्ला काढणार कोण?

माणूस देवासारखा, पण खोडकर. बिल्ला मुद्दाम पाठमोरा टांगायचा, आकडा भिंतीकडे. देवाजी रोज कुरकुरत तो सरळ करायचा. त्या शेवटच्या दिवशीही केला होता. आणि रेडिओवर साहेब आधी खोकायचे, मग बोलायचे, आणि शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, "ऐकून राहिले का गा कोणी?" विक्की मेकॅनिक त्याची हुबेहूब नक्कल करायचा. ती नक्कल देवाजीच्या डोक्यात जायची.

पाच वाजून एकतीस मिनिटं. सूर्य टेकला होता. नंदिनी आता उतरणार हे देवाजीला ठाऊक होतं. रेडिओ जागा झाला आणि... नुसती किरकिर. मग शांत. मग खोकल्याचा आवाज.

"डावीकडे कोणी आहे... ऐकून राहिले का गा कोणी?"

देवाजीचं टाळकंच सरकलं. तो बौद्ध माणूस, अमावस्या-बिमावस्या मानत नसे. कुठे भूत दिसलं म्हटलं की तो आधी विचारायचा, "त्यात कोनाचा फायदा?" त्याने खिडकीतून समोरच्या हँगरमधल्या, म्हणजे विमानांच्या शेडमधल्या, खुंटीकडे पाहिलं. विक्कीचा हातात धरून बोलायचा वायरलेस सेट तिथे नव्हता. झालं, चोर सापडला. त्याने विक्कीला फोन लावला.

"काहून मस्करी करून राहिला बे? माही पोरगी वर आहे!"

"कसली मस्करी, काका? मी तं शहरात, बर्डीवर आहो. व्हरायटी चौकात." मागे ऑटोचे हॉर्न वाजत होते. "सेट सकाळीच दुरुस्तीले आणला न मी."

देवाजीने फोन ठेवला.

खिडकीतून नंदिनीचं विमान दिसलं. दिवा लुकलुकत होता. ती खाली येत होती... अजून खाली.

पुन्हा खोकला.

"पोरीले थांबव."

कोणीतरी आपली परीक्षा घेतंय. नोकरी घालवायला बसलंय. कोण? दाराबाहेर कोणी नाही. पट्टीवर कोणी नाही.

"देवाजी..."

त्याने बटण दाबलं. "नंदे, उतरू नको वं! वर जा! वर!"



इंजिन गरजलं. विमानाने नाक उचललं. आणि मावळत्या उन्हाच्या झगमगाटातून दुसरं विमान आलं. नंदिनीच्या चाकांखालून गेलं. चार हात... फार तर पाच.

ते सौरवचं होतं, तिच्याच तुकडीतल्या पोराचं. दोघं उतरले, खोलीत आले.

"मी बोललो होतो, काका," सौरव म्हणाला.

"मीही बोलली, बाबा!" नंदिनी म्हणाली. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं होतं.

देवाजीने तिला छातीशी धरलं आणि पोटातून रडला. मग विचारलं, "तुले अजून कोनाचा आवाज आला का वं?"

"नाही. फक्त तुमचा."

सौरवनेही नकारार्थी मान हलवली. दोघांनी आपापले बिल्ले 'खाली' टांगले आणि बाहेर जाऊन बसले. देवाजीने मिरचीची पिशवी उचलली, दिवा घालवायला हात वर केला, आणि फळीकडे पाहिलं.

'वर'ची ओळ रिकामी होती. सात नंबरच्या खिळ्याखाली लाकडावर गंजाचा नुसता गोल उरला होता.

'खाली'च्या ओळीत बिल्ले तीन. नंदिनीचा. सौरवचा.

तिसरा पाठमोरा होता.

 मनोहरराव उठता उठता म्हणाले, "त्या दिवशी देवाजीनं तो सरळ नाही केला."